माणसाला स्वतःला का कळत नाही? (उष्माघात आणि गारठा)

रानजाई | ३ जून, रात्री ९.४०

मंडळी, पंधरा दिवस एक प्रश्न डोक्यातून जात नाहीये, म्हणून इथे विचारतेय.

माझे मोठे काका, वय ६३. यवतमाळ जिल्ह्यात शेती. १८ मेला सकाळी सातला वावरात धसकटं वेचायला गेले. दुपारी एकच्या सुमारास चुलतभाऊ डबा घेऊन गेला, तर काका धुऱ्यावर बाभळीखाली बसलेले. सदरा काढून बाजूला ठेवलेला आणि उघड्या छातीवर बोटं फिरवत बटणं लावताहेत. खालून वर, एकेक करून. भावाला म्हणाले, "चाल लवकर, दादा वाट पाहत असंल." दादा म्हणजे माझे बाबा. त्यांना जाऊन चार वर्षं झाली.

भावाला आधी वाटलं, काकांनी घेतली की काय. मग वाटलं थकवा असेल. मोटरसायकलवर मध्ये बसवून घरी आणलं. अंग नुसतं भाजत होतं, म्हणून तापाची गोळी दिली आणि पांघरूण घालून निजवलं. तासाभराने आकडी आली. तिथून तालुका, तालुक्याहून जिल्हा. जिल्ह्याला ताप मोजला तो १०७. नऊ दिवस आयसीयूत होते. वाचले, पण चालताना तोल जातो, पेला तोंडाशी नेताना हात थरथरतो आणि जीभ जड झालीय.

ज्या माणसाचं सगळं आयुष्य उन्हात गेलं, त्याला आपल्याला ऊन लागतंय हे कळलं कसं नाही? आणि आम्ही घरच्यांनी काय वेगळं करायला हवं होतं? मन मोकळं करायला लिहितेय असं समजू नका, खरंच समजून घ्यायचंय.

पाणपोई | ३ जून, रात्री १०.०५

वाचून पोटात कालवलं. काका सुधारोत. माझे आजोबा असेच "जरा पडतो" म्हणून ओसरीवर पडले ते उठलेच नाहीत. तेव्हा सगळे म्हणाले, वय झालं होतं.

नवतपा | ३ जून, रात्री १०.३२

मी अकोल्याचा. ताई, आमच्याकडं मे महिना काही नवीन नाही. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, घरातून निघताना गडवाभर पाणी आणि दुपारी बारा ते चार बाहेर पाऊल नाही. आमच्या बापजाद्यांनी हेच केलं. हे पाळलं की काही होत नाही. काकांनी यातलं काहीतरी सोडलं असणार.

तापमापी | ३ जून, रात्री ११.१८

रानजाईताई, मी ग्रामीण रुग्णालयात सतरा वर्षं काम केलं आहे. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या वर्णनातच आहे: बटणं.

उष्णता सगळ्यात आधी मेंदूला गाठते. "मला उष्णतेचा त्रास होतोय, सावलीत जावं, पाणी प्यावं" हा निर्णय ज्या मेंदूने घ्यायचा, तोच आधी बिघडतो. शरीराच्या आतलं तापमान ४० अंशांच्या (१०४ फॅरनहाइट) वर गेलं आणि माणूस असंबद्ध बोलू-वागू लागला की तो उष्माघात. नुसता घाम, पोटऱ्यांना गोळे, चक्कर, मळमळ ही आधीची पायरी. त्या पायरीवर माणूस स्वतः सांगू शकतो. पुढच्या पायरीवर तो "मला काही झालं नाही" असंच सांगतो, कधी कधी अंगावरही येतो. दारू प्यायल्यासारखा वाटतो तो यामुळेच. तुमच्या भावाची चूक झाली असं मनात आणू नका, हा घोटाळा डॉक्टरांच्याही हातून होतो.

आता गोळीबद्दल. ताप येतो तेव्हा मेंदूच्या तळाशी असलेलं केंद्र, हायपोथॅलॅमस, स्वतःच हुकूम काढतं की आज अंग १०२ वर ठेवायचं. म्हणून तर ताप चढताना हुडहुडी भरते. पॅरासिटामॉल तो हुकूम मागे घ्यायला लावतं. उष्माघातात हुकूम ३७ अंशांचाच असतो, पण तो पाळायची शरीराची ताकद संपलेली असते. तिथे गोळीला काही कामच उरत नाही, उलट आधीच भाजून निघालेल्या यकृतावर तिचा भार पडतो.

तोल जाणं, हात थरथरणं, जीभ जड होणं ही तिन्ही लहान मेंदूची कामं बिघडल्याची लक्षणं. लहान मेंदूतल्या पुर्किंजे पेशी उष्णतेला फार नाजूक असतात. काही रुग्णांत काही महिन्यांत सुधारणा होते, काहींत थोडा दोष राहून जातो. फिजिओथेरपी सोडू नका.

एक विचारायचं होतं. काका मेच्या आधी गावातच होते का? आणि बीपीची गोळी चालू आहे का?

रानजाई | ४ जून, सकाळी ७.१०

डॉक्टर, तुम्हाला कसं कळलं? काका मार्च अखेरपासून पुण्याला ताईकडे होते, नातवाच्या मुंजीसाठी. १५ मेला परत गेले आणि तीनच दिवसांत वावरात. बीपीची गोळी आहे, लघवी जास्त होते ती.

तापमापी | ४ जून, सकाळी ८.२५

मग चित्र बरंच स्पष्ट होतं. शरीराला उन्हाची सवय होते हे खरं, पण ती रोज कमवावी लागते. एक ते दोन आठवडे रोज थोडं थोडं उन्हात काम केलं की घाम लवकर सुटायला लागतो, जास्त सुटतो आणि त्यातून मीठ कमी जातं. काही आठवडे ऊन सुटलं की ही सवय मोडते. साठ वर्षं उन्हात काढलेला माणूस दीड महिना पुण्यात राहून आला की त्याचं शरीर पाहुण्यासारखंच असतं. मन मात्र म्हणत असतं, मी इथलाच. त्यात लघवीच्या गोळीने पाणी आणि मीठ दोन्ही कमी केलं. (गोळी मनाने बंद करू नका कुणी. उन्हाळा लागताना डॉक्टरांना विचारून मात्रा बदलून घ्या.)

नवतपा, दुपट्टा, पाणी आणि बारा ते चार घरात, हे तिन्ही शंभर टक्के बरोबर. कांदा खिशात नको, भाकरीबरोबर पोटात जाऊ द्या.

नवतपा | ४ जून, सकाळी ९.०२

डॉक्टरसाहेब, कांद्याचं मी पटवून घेणार नाही, पण पुण्याहून आल्याची गोष्ट माझ्या डोक्यात आलीच नव्हती. "काकांनी सोडलं असणार" असं लिहायला नको होतं. ताई, माफ करा.

आमच्या शेजारचा पोरगा हिवाळ्यात मुंबईला कामाला गेला, मेमध्ये लग्नाला आला आणि वरातीत नाचता नाचता पडला. तोही असाच प्रकार असंल.

पनवेलकर | ४ जून, सकाळी १०.४०

विदर्भातले लोक ४५-४६ अंशांचं बोलतात तेव्हा आम्ही कोकणपट्टीवाले निर्धास्त असतो, की आपल्याकडे पारा चाळिशीही गाठत नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात काय झालं ते आठवा. लाखो माणसं उघड्यावर बसलेली आणि चौदा जणांचा जीव गेला. पारा अडतीसच्या आसपास होता.

आमच्या आळीतल्या दोन बायका त्या दिवशी तिथे होत्या. दोघी घरी आल्या त्या हातात हात घट्ट धरून. सांगत होत्या, घाम इतका होता की पदर पिळावा, पण गार काही वाटेना.

तापमापी | ४ जून, दुपारी १.१५

पनवेलकर, तुमच्या त्या बायकांनी नेमकं सांगितलं. घाम आल्याने अंग गार होत नाही, घाम वाळल्याने होतं. हवेत आधीच दमट वाफ भरलेली असेल तर घाम वाळतच नाही, नुसता ओघळतो. म्हणून हवामान खातं मैदानी भागात ४० अंशांपासून उष्णतेच्या लाटेचा विचार करतं, तर किनाऱ्यावर ३७ पासून.

थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वारा लागू दिला की जो आकडा येतो तो खरा शत्रू. तो ३५ ला पोचला तर सावलीत, पंख्याखाली नुसता बसलेला धडधाकट माणूससुद्धा काही तासांपलीकडे टिकत नाही. कष्ट करणाऱ्याची किंवा म्हाताऱ्याची मर्यादा त्याच्या बरीच खाली.

आणि एक गैरसमज इथेच काढून टाकू या. "अंग कोरडं पडलं तरच उष्माघात" असं शाळेत शिकवलेलं असतं. खोलीत बसून राहिलेल्या वृद्धांत बहुधा अंग कोरडं असतं. पण शेतमजूर, धावपटू, पोलीस भरतीच्या मैदानावरची पोरं यांना उष्माघात होतो तेव्हा ती घामाने निथळत असू शकतात. अंग ओलं आहे म्हणून निश्चिंत राहू नका. दोन प्रश्न विचारा: आज वार कोणता, आपण कुठे आहोत.

घाटमाथा | ४ जून, दुपारी ३.५०

धागा उन्हाचा आहे, पण रानजाईंचा प्रश्न वाचल्यापासून मला एक पावसाळी दिवस डोळ्यापुढे दिसतोय. जुलैत हरिश्चंद्रगडावर गेलो होतो, आम्ही सहा जण. हवा वीस अंशांच्या आसपास असेल, म्हणजे पुण्यातली साधी थंडीसुद्धा नाही. पण चार तास धो धो पाऊस, अंगाला चिकटलेला सुती टी-शर्ट आणि माथ्यावर माणूस ढकलेल असा वारा. आमच्यातला सगळ्यात गप्पिष्ट गडी हळूहळू मागे पडला. बोलणं तुटक झालं. मग जीभ अडखळायला लागली. एका जागी बसून बुटाची नाडी बांधू लागला. मी समोर उभा होतो. दोन टोकं हातात धरून तो नुसता बघत होता, पुढे काय करायचं ते त्याला सुचत नव्हतं. म्हणाला, "मी मस्त आहे, तुम्ही व्हा पुढे."

काकांची बटणं आणि त्याची नाडी. वाचलं आणि अंगावर काटा आला.

नशिबाने बरोबर एक जुना जाणता गडी होता. त्याने बाकी काही न बघता त्याला गुहेत नेला, ओले कपडे सगळे उतरवले, कोरडे चढवले, वर प्लास्टिक गुंडाळलं, दोन बाजूंना आम्ही दोघं चिकटून बसलो आणि साखर ओतून चहा पाजला. अर्ध्या तासाने तो कुडकुडायला लागला. तो जाणता म्हणाला, "आता जिवात जीव आला."

पाणपोई | ४ जून, दुपारी ४.०५

कुडकुडायला लागला तर बरं कसं? उलट वाटतं.

तापमापी | ४ जून, सायंकाळी ६.३०

पाणपोई, कुडकुडणं म्हणजे स्नायूंनी उष्णता तयार करायला घेतलेली मेहनत. आतलं तापमान ३५ च्या खाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. ३५ ते ३२ पर्यंत माणूस जोरात कुडकुडतो. ३२ च्या खाली गेला की कुडकुडणं मंदावतं, मग थांबतं. बघणाऱ्याला वाटतं, थंडी गेली. खरं तर शरीराने हात टेकलेले असतात. २८ च्या खाली हृदय इतकं नाजूक होतं की माणसाला धसमुसळेपणाने उचललं तरी ते बंद पडू शकतं. म्हणून आडवा ठेवा, हळू उचला, हातपाय चोळू नका.

घरातल्या थर्मामीटरचा इथे उपयोग नाही. तो साधारण ३५ पर्यंतच दाखवतो, त्याच्या खालचं त्याला दिसतच नाही. बोटांची कामं आणि बोलणं बघायचं. घाटमाथा, तुमच्या सोबत्याने अगदी पुस्तकात छापावं असं काम केलं.

सुभेदार_निवृत्त | ४ जून, रात्री ८.४५

जय हिंद. माझी दोन वर्षं सियाचीनच्या बाजूला गेली. तिथे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट म्हणजे जोडीदार. तुझं नाक, तुझे गाल, तुझं बोलणं तू बघायचं नाहीस, तुझा जोडीदार बघेल. त्याचं तू बघ. ठरलेल्या वेळाने एकमेकांच्या तोंडाकडे बघून नाव-गाव विचारायचं. कुणी चिडला की समजायचं काहीतरी गडबड आहे. थंडीत माणूस आधी चिडका होतो, मग गप्प होतो.

रमबद्दल लोक फार विचारतात. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या मोकळ्या होतात, गरम रक्त वर येतं, म्हणून ऊब वाटते. ती ऊब आतली असते आणि बाहेर निघून चाललेली असते. उघड्यावर गारठलेल्या माणसाला दारू कधीही देऊ नये.

अजून एक. बर्फात गेलेली माणसं काही वेळा अंगावरचे कपडे काढून टाकलेल्या अवस्थेत सापडतात. घरच्यांना ते ऐकून भलभलतं वाटतं. घातपात नसतो तो. आवळून धरलेल्या रक्तवाहिन्या शेवटी सुटतात आणि गोठत चाललेल्या माणसाला एकदम भाजल्यासारखं होतं.

३ फेब्रुवारी २०१६ ला सोनम पोस्टवर हिमस्खलन झालं, १९,६०० फुटांवर. लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पड २५ फूट बर्फाखालून सहाव्या दिवशी जिवंत निघाले. ११ तारखेला दिल्लीत त्यांनी प्राण सोडला. धारवाडकडचा माणूस. आम्ही तेव्हा घरी टीव्हीपुढे बसून होतो, तीन दिवस चूल नीट पेटली नाही.

उत्तरवारा | ५ जून, पहाटे २.१०

सुभेदारसाहेब, तुम्हाला नमस्कार.

मी नॉर्वेत राहते. इथे हायपोथर्मियाचा विषय निघाला की आना बोगेनहोल्म यांचं नाव निघतंच. २० मे १९९९ ला नार्विकजवळ स्की करताना ही तरुण डॉक्टर गोठलेल्या ओढ्यात डोक्याकडून पडली आणि बर्फाखाली अडकली. साधारण चाळीस मिनिटं हवेच्या छोट्या पोकळीत श्वास घेत शुद्धीवर होती, मग हृदय थांबलं. बाहेर काढेपर्यंत ऐंशी मिनिटं झाली होती. ट्रोम्सोच्या रुग्णालयात पोचली तेव्हा आतलं तापमान होतं १३.७ अंश. नाडी नाही, श्वास नाही. डॉक्टरांनी हृदय-फुप्फुस यंत्रावर तिचं रक्त बाहेर काढून, कोमट करून परत आत सोडलं, आणि ती जगली. बरी व्हायला बराच काळ लागला, पण पुढे त्याच रुग्णालयात रेडिओलॉजिस्ट म्हणून कामाला लागली.

कारण असं सांगतात की तापमान दर अंशाने उतरतं तशी मेंदूची प्राणवायूची भूक साधारण सहा-सात टक्क्यांनी कमी होते. हृदय थांबायच्या आधीच तिचा मेंदू इतका गार झाला होता की त्याला फारसं काही लागतच नव्हतं. म्हणून गारठलेल्या माणसाला, अंग ऊबदार करून पाहिल्याशिवाय, मेला म्हणायचं नाही असा इथल्या डॉक्टरांचा दंडक आहे.

थंडी वेळ देते, उष्णता देत नाही. रानजाई, तुमच्या काकांच्या बाबतीत मला हेच सारखं वाटत राहिलं.

अंगाई | ५ जून, सकाळी ११.२०

मी नवजात शिशु विभागात परिचारिका आहे. धाग्यावर सगळे मोठ्या माणसांचं बोलताहेत, मला माझ्या पिल्लांचं सांगू द्या.

गारठायला हिमालय लागत नाही. दीड किलोचं बाळ मे महिन्यात, नागपुरात, पंख्याखाली गारठतं. त्याला कुडकुडता येत नाही. अंगावर चरबी नाही, वजनाच्या मानाने कातडी जास्त, आणि जन्मतः ओलं. ते रडत नाही, दूध ओढत नाही, नुसतं शांत पडून राहतं आणि घरचे म्हणतात, "किती गुणी बाळ आहे हो." पोट गरम आणि तळपाय गार लागले की समजायचं थंडी लागतेय. पोटही गार असेल तर पळा. बाळाचं तापमान ३६.५ ते ३७.५ हवं. जन्मल्या जन्मल्या आंघोळ घालायची घाई करू नका, निदान पहिला दिवस जाऊ द्या. पुसा, टोपी घाला, आईच्या छातीला लावा.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळ ऊबदार ठेवणं हा त्यांच्या शिकवणीचा मोठा भाग होता. १९९९ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्या गावांमधला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरलेला दिसला.

आमच्याकडे एक आजोबा होते. सून आजारी, मुलगा कामावर. सदऱ्याची बटणं सोडून, नातीला छातीवर घेऊन, वरून धोतराने बांधून रोज सहा सहा तास खुर्चीत बसायचे. सगळा वॉर्ड त्यांना कांगारू आजोबा म्हणायचा आणि ते ऐटीत "हो" म्हणायचे. बाळ १२५० ग्रॅमचं आलं होतं, १९०० चं होऊन घरी गेलं.

पाणपोई | ५ जून, सकाळी ११.४१

कांगारू आजोबांना साष्टांग दंडवत.

वाळ्याचा_पडदा | ५ जून, दुपारी १२.३०

थोडं अवांतर, पण गावाकडच्यांनी लक्षात ठेवावं. आमच्याकडे एका पोराने धोत्र्याची बोंडं खेळता खेळता खाल्ली. अंग लालबुंद, तापलेलं, घामाचा टिपूस नाही, बाहुल्या मोठ्या आणि बडबड चालू. सगळे म्हणाले ऊन लागलं. धोत्र्याने घाम बंद होतो, असं दवाखान्यात कळलं. पोर वाचलं.

तापमापी | ५ जून, रात्री ९.५५

बरोबर. सर्दीच्या आणि मानसिक आजारांच्या काही औषधांनीही घाम कमी होतो. घरात अशी औषधं घेणारं कुणी असेल तर उन्हाळ्यात त्यांच्याकडे जास्त लक्ष असू द्या.

रानजाईताई, तुमचा दुसरा प्रश्न राहिलाच, काय वेगळं करायला हवं होतं. जागच्या जागी गार करायचं, मग न्यायचं. पहिल्या अर्ध्या तासात अंग ३९ च्या खाली आणता आलं तर मेंदू वाचायची शक्यता फार मोठी असते. एकीकडे १०८ ला फोन, दुसरीकडे पाणी. सावलीत घ्यायचं, कपडे उतरवायचे, मिळेल ते पाणी सगळ्या अंगावर ओतत राहायचं आणि जोराने वारा घालायचा. बर्फ मिळाला तर मान, काखा, जांघा. शुद्ध नीट नसेल तर तोंडाने पाणी अजिबात नको, श्वासनलिकेत जातं. वृद्ध, नाजूक माणसाला ओलं करणं आणि वारा घालणं पुरेसं. कष्ट करताना पडलेल्या दणकट माणसाला मात्र गार पाण्यात बुडवणं हा सगळ्यात जलद उपाय.

टब कुठून आणायचा, असं म्हणाल. शेतात ताडपत्री असते. तीवर माणसाला निजवा, चौघांनी चार कडा उचलून झोळी करा, पाचव्याने बादल्या ओता. डोकं एकाने वर धरायचं. पाणी हलवत राहायचं.

रानजाई | ९ जून, रात्री १०.१५

उशिरा लिहितेय, गावीच होते.

भावाला सगळा धागा वाचून दाखवला. बराच वेळ गप्प होता. मग उठला आणि कोठीतून ताडपत्री ओढून आणली. काल संध्याकाळी विहिरीजवळ आम्ही करून पाहिलं. भाऊ स्वतः आडवा झाला. चार कडांना त्याची दोन मुलं, मी आणि गडी. काकू बादल्या ओतत होत्या. पहिल्यांदा गड्याच्या हातून कड सुटली आणि सगळं पाणी वाहून गेलं. दुसऱ्या खेपेला कडा आतल्या बाजूला दोनदा गुंडाळून धरल्या, मग पाणी राहिलं. छातीपर्यंत यायला अकरा बादल्या लागल्या. विहिरीवरून मोटार चालू नसेल तर तेवढं पाणी मिळणार नाही, म्हणून धुऱ्यावरच्या बाभळीखाली दोनशे लिटरचा ड्रम ठेवायचं ठरलं. आजच ठेवला.

काका खाटेवर बसून बघत होते. बोलणं अजून नीट उमटत नाही. हात वर करून सारखं काहीतरी दाखवत होते. जवळ गेल्यावर कळलं, "डोकं, डोकं धर त्याचं" असं ते म्हणत होते.

तापमापी | ९ जून, रात्री १०.४०

काकांना माझा नमस्कार सांगा. ड्रमवर झाकण ठेवा आणि दर आठवड्याला पाणी बदला, डास होतात.